पंपाची टिकटिक

आत्ता न्हाय गं बये, आत्ता न्हाय! मी गाडीवर वरडलोच. मोहोळ गाव मागं पडलं आन् आमच्या मालकांची, हिंदुरावांची, विलायती मोटार दोन गचकं खाऊन रस्त्यात उभी ऱ्हायली. मालक अकलूजला गेल्यालं. मागच्या शिटावर त्यांची लेक मुक्ताताई, पहिलटकरीण, कळांनी तळमळत व्हती. मूल आडवं आलंय, सोलापूरच्या दवाखान्यात न्या, म्हनून टेंभुर्णीच्या सुईनीनं हात टेकल्यालं. ताईचं डोकं आईच्या, मथुराबाईंच्या, मांडीवर.

किल्ली फिरवली. टिकटिक न्हाय.

जुन्या गाड्यांची टाकी उंचावर असायची, पेट्रोल आपसूक खाली यायचं. हिची टाकी मागं, खाली. म्हनून इजेवरचा पंप. किल्ली दिली की आतलं चुंबक पडदा वढतं, पेट्रोल पंपात येतं. पडदा पुरता वढला की आतलं दोन पाइंट सुटत्यात, ईज तुटती, स्प्रिंग पडदा माघारी ढकलती, पेट्रोल इंजिनाकडं जातं. पाइंट परत टेकत्यात, परत तेच. त्याचीच ती टिकटिक. पाइंट टेकलंच न्हाईत तर गाडी निस्तं मढं.

पाना घिऊन पंप ठोकला. नळी सोडून तोंडानं फुकली, पेट्रोल नाकातोंडात गेलं. तारा चाचपल्या. ताईचं वरडनं ऐकवत नव्हतं. "चांदसाब, आटप की रं!" बाई रडत व्हत्या. या अल्ला, वैऱ्यावरबी अशी येळ आनू नको!

शेवटी पंपाचं टोपन काढलं. आत समदं लाल! कुंकू, हळद, वर नारळाचं पानी. परवा खंडेनवमीला, गाडीची पूजा झाली तवा, मी घरी सोलापुरात व्हतो. गाडीचा जीव ह्या पंपात, असं बाईंनी माझ्याच तोंडनं कवातरी ऐकल्यालं. गड्याकडनं टोपन काढवून त्यांनी थेट जिवालाच कुंकू लावलं! ते वाळलं, गचक्यांनी सुटलं आन् पाइंटांमदी जाऊन बसलं.

असला संताप आला मला! पर काढायचा कुनावर? बाईंनी लेकीसाठीच हात जोडलं असत्याल.

सदऱ्यानं पुसलं, कानशीनं घासलं. टिकटिक सुरू झाली. गाडी पळवली. पर मागं ताईचा आवाज बारीक बारीक होत गेला.

"घंटाभर आदी आनायची," डाक्टर म्हनाला. ताई गेली, पोरबी गेलं.

दवाखान्याच्या पायरीवर बाईंनी माझी गचांडी धरली. "काय झाल्तं गाडीला? सांग मुडद्या!"

जिभेवर आल्तं. पर ते ऐकून बाई तितंच मेल्या असत्या.

"घान अडकली व्हती, बाई. सकाळी बघायची ऱ्हायली."

"तुझं वाटुळं हुईल! तुझीबी लेक अशीच जाईल!" बाई माझ्या तोंडावर मारत सुटल्या.

माझी लेक कमर, तीबी तवा सातव्या महिन्यात, बाळंतपनाला म्हनून घरी आल्याली. तिचं नाव घिऊ नका, बाई, एवढंबी मला म्हनता आलं न्हाय. मी मार खात उभा ऱ्हायलो.