उजवीकडे कापूस

मास्तरांच्या फोनमध्ये दोनशे बारा माणसं होती आणि त्यातल्या एकालाही नाव नव्हतं. गावात एकेका नावाची सात-सात माणसं. पण अंग कुणाचं कुणासारखं नसतं, हे तीस वर्षं कपडे शिवणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. म्हणून किराणा दुकानदार फोनमध्ये ‘मागे सपाट’ होता, शाळेचे गुरुजी ‘डावा खांदा खाली’, सायकली दुरुस्त करणारा ‘एक पाय आखूड’ आणि पोस्टातला कारकून ‘मान नाही’. फोन वाजला की माणूस मापासकट डोळ्यांपुढे उभा राहायचा. यात कुचेष्टा अजिबात नव्हती. ज्याचा खांदा खाली, त्याच्या कोटात मास्तर असं काही भरायचे की आरशालाही पत्ता लागू नये, आणि भरल्याचं बायकोलाही सांगायचे नाहीत. शिंप्यानं कापड शिवावं आणि तोंडही, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्याचं झाकण्यात हा माणूस इतका पटाईत. स्वतःचं झाकायला गेला आणि गावभर उघडा पडला.

झाकायचे होते डोळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रोज सकाळी बायको चाळीस सुया ओवून कापडी गोळ्याला टोचून ठेवायची. चाळीस संपल्या की मास्तर ‘चहा घेऊन येतो’ म्हणून आत जायचे, आणि आत चहा नव्हे, आणखी सुया मिळायच्या. मास्तरांना चहाचं व्यसन लागलं, असं गिऱ्हाइकं म्हणत. एकदा कारकुनाच्या शर्टाची कॉलर उलटी बसली, तेव्हा मास्तरांनी धाग्याच्या कंपनीला शिव्या घातल्या. धाग्याचा आणि कॉलरचा काय संबंध, हे विचारायचं कारकुनाला सुचलं नाही, हे नशीब.

सरकारी दवाखान्यात चौदा महिन्यांनी नंबर होता. खासगी डॉक्टरांनी चाळीस हजार सांगितले, त्यातले वीस आगाऊ. मास्तर बसनं दोन तास प्रवास करून बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पगाराची पावती मागितली.

“साहेब, मी पगार घेतही नाही आणि देतही नाही,” मास्तर म्हणाले.

“मग दुकानाचा परवाना? तीन वर्षांचा हिशोब?”

मास्तरांकडे होती मापाची वही. पाणी पिऊन ते परत आले.

खरं तर इतकं लांब जायची गरजच नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. गावात बचत मंडळ होतं, मास्तर स्वतः पहिल्या दिवसापासूनचे सभासद. व्याज महिन्याला शेकडा एक, घाई नाही, दारात माणूस नाही. पण मंडळाचा एक नियम होता. पूर्वी कुणीतरी चिठ्ठीवर कर्ज काढून जुगारात घालवलं होतं, तेव्हापासून कर्ज मागणाऱ्यानं महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि कारण स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मग दोन जामीनदारांनी उभं राहून सांगायचं, आपण ह्या माणसाच्या मागे का राहतो ते. नियम चांगलाच होता. त्याला हात वर करणाऱ्यांत मास्तरही होते.

“सांगा की डोळ्यांचं,” बायको म्हणाली. “डोळेच आहेत, चोरी नाही केलीत.”

“आंधळ्याकडे कोण कपडे टाकेल? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“अहो, पण आत आहे काय त्या मुठीत?”

त्याच आठवड्यात फोनवर जाहिरात आली: पाच मिनिटांत कर्ज, कागद नाही, जामीन नाही, कुणाला कळणार नाही. शेवटचे तीन शब्द मोठ्या अक्षरांत होते, म्हणून तेवढे मास्तरांना वाचता आले. बाकीचं बारीक होतं. फोन एकामागून एक काहीतरी विचारत गेला, परवानगी द्या, परवानगी द्या, आणि मास्तर धुक्यातून जिथं निळं दिसेल तिथं बोट ठेवत गेले. तीस हजार मंजूर झाले. खात्यात आले एकवीस. पंधरा दिवसांत फेडायचे चौतीस. हा व्यवहार ज्याला बरा वाटेल त्याचे डोळे तपासायलाच हवेत. पण डॉक्टरांकडे वीस भरून तारीख मिळाली होती, आणि कुणाला कळलं नव्हतं, यातच मास्तर खूश होते.

पंधरा दिवस संपत आले. मग फोन सुरू झाले. आवाज दर वेळी नवा, शिव्या त्याच. मास्तर फोन कापडाच्या गठ्ठ्याखाली दाबून ठेवायचे. सोळाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास किराणा दुकानदार दुकान उघडं टाकून आला. त्याला कुणी कधी चालतानाही पाहिलं नव्हतं, तो पळत आला होता.

“मास्तर, हे काय? ऐका. ‘नमस्कार, मागे सपाट. तुमच्या ओळखीच्या शिवणकाम मास्तरांनी आमचे कर्ज बुडवले आहे. त्यांना समज द्या.’ मागे सपाट कोण? मी?”

मास्तरांच्या हातातली कात्री तशीच राहिली. तेवढ्यात कारकून आला. त्याच्या मागून सायकलवाला लंगडत आला, तो मात्र हसत होता. “बरोबर आहे माझं,” तो म्हणाला. “आखूडच आहे.” कारकून हसत नव्हता. मान नाही, हे आजवर त्याला स्वतःला माहीत नव्हतं.

पहिली लाज कर्जाची. गावात कुणाचं पाच पैशांचं देणं न ठेवणारा माणूस बुडव्या ठरला होता. मास्तरांचे कान तापले, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण ती लाज नीट बसायच्या आधीच दुसरं काहीतरी आठवलं. कर्जवाल्यांनी मास्तरांच्या फोनमधली यादी उचलून प्रत्येकाला तिथल्या नावानं हाक मारली होती. सगळ्या दोनशे बारा जणांना.

मास्तर कात्री हातात घेऊनच धावत सुटले.

पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाईंना सगळा गाव काकू म्हणे. मास्तर ताई म्हणत. अकरा वर्षांपूर्वी त्या महिनाभर शहरात राहून आल्या. पित्ताचे खडे काढले, असं त्यांनी गावात सांगितलं. परत आल्यावर एका दुपारी त्या मास्तरांकडे आल्या, दार लोटून घेतलं आणि उजवा स्तन काढून टाकल्याचं सांगितलं. सांगताना भिंतीकडे बघत होत्या. मास्तरही कापडाकडेच बघत होते. त्यांनी ब्लाउजच्या आत अस्तराचा कप्पा केला, कापूस भरला, आठ दिवस तो दोन्हीकडे सारखा दिसेपर्यंत उसवत-शिवत राहिले. ताईंना ते पुन्हा कधी विचारायला लागू नये, एवढ्याचसाठी त्यांनी फोनमध्ये लिहून ठेवलं: ‘उजवीकडे कापूस’. चार वर्षांपूर्वी घरात आलेल्या सुनेलाही ही गोष्ट माहीत नव्हती. मुलाला होती की नाही, कोण जाणे.

गिरणी चालू होती. दळण घेऊन पाच-सहा जण उभे होते. ताईंचे हात कोपरापर्यंत पिठात, म्हणून त्यांचा फोन सुनेनं घेतला होता आणि यंत्राच्या आवाजावरून ओरडून ती काहीतरी वाचत होती. मास्तर दारात पोचले. ‘वाचू नकोस’ म्हणायचं होतं, पण धापेतून शब्द फुटला नाही.

“काय म्हणतेस? ऐकू नाही येत!” म्हणत ताईंनी बटण दाबलं आणि गिरणी बंद पडली.

सून त्याच आवाजात ओरडली, “‘नमस्कार, उजवीकडे कापूस!’ कोण हो हे, आई? उजवीकडे कापूस म्हणजे काय?”

उत्तराची गरजच नव्हती, कारण तिथल्या प्रत्येकाची नजर एकाच जागी गेली. माणसं वाईट नव्हती. नजरच ती, गेली. ताईंचा हात आपोआप छातीशी आला आणि गडद ब्लाउजवर पिठाचा पंजा उमटला, पाची बोटांसकट. मग त्यांना दारात मास्तर दिसले. त्या रागावल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर मास्तरांनी त्या झेलल्या असत्या. ताईंनी फक्त बघितलं. मग वळून गिरणी चालू केली.

मास्तर परत कसे आले ते त्यांना आठवत नाही. दोन दिवस दुकान बंद होतं. कर्जाची लाज त्यांना आता क्षुल्लक वाटत होती. कर्ज त्यांचं होतं, नाक त्यांचं कापलं गेलं, हिशोब मिटला. पण ताईंचं काय? अकरा वर्षं जपलेलं एक माणूस त्यांनी परवानगी देऊन चव्हाट्यावर नेलं होतं, आणि कशासाठी, तर आपल्याला चारचौघांत ‘दिसत नाही’ म्हणायला लागू नये म्हणून.

“पहिला रविवार आहे उद्या,” बायको म्हणाली. “मंडळात जा.”

“कुठल्या तोंडानं?”

“एकच तर आहे. तेच घेऊन जा. आता झाकायला राहिलंय काय?”

शाळेच्या वर्गात बाकांवर चाळीसेक माणसं बसली होती. गुरुजी टेबलामागे, डावा खांदा आज मुद्दाम वर धरून. मास्तर उभे राहिले तशी कुजबुज थांबली. कुणीतरी मागून “मापं घ्यायला आलेत” म्हणालं, आणि कुणीच हसलं नाही.

“रक्कम?” गुरुजींनी विचारलं.

“चौपन्न हजार. चौतीस त्या फोनवाल्यांचे, हाती एकवीसच आले होते. वीस डॉक्टरांचे.”

“कारण?”

मास्तरांनी बाकाची कड धरली. “मला दिसत नाही. दीड वर्ष झालं. सुया बायको ओवते. कॉलर उलटी बसली ती धाग्यामुळे नाही. मी तुम्हाला सांगायला लाजलो आणि त्या फोनला सगळं देऊन बसलो. तुमचं माझ्यापाशी जे होतं ते माझ्यामुळे बाहेर गेलं.” बाकाची कड सोडून त्यांनी हात जोडले. “माफ करा म्हणायचंही तोंड नाही.”

गुरुजींनी खांदा खाली सोडला. “मास्तर, इथं महिन्याला शेकडा एक आहे, आणि तुम्ही पंधरा दिवसांना एकवीसवर तेरा कबूल केलेत,” ते म्हणाले. “जामीन कोण?”

सायकलवाला उठला. “मी राहतो. एका पायावर राहिलो असं समजा. का राहतो? माझी दोन्ही पायांची पँट जमिनीला सारखी टेकते, म्हणून.”

आता लोक थोडे हसले. मग दुसऱ्याची वाट बघणं सुरू झालं. किराणा दुकानदार नखं बघत होता. कारकुनानं तोंड खिडकीकडे वळवलं. मास्तर उभेच होते, आणि आता खाली बसावं, डोळे गेले तर गेले, असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात मागचा बाक करकरला.

ताई उभ्या होत्या.

“मी राहते,” त्या म्हणाल्या.

गुरुजी अडखळले. “का ते... म्हणजे नियम आहे, पण तुम्ही नाही सांगितलं तरी—”

“नियम आहे तर सांगते. माझी एक गोष्ट अकरा वर्षं ह्यांच्याकडे होती. ती काय, ते आता सगळ्यांना माहीत आहे. अकरा वर्षं नव्हती माहीत. एवढा काळ गोष्ट ठेवणारा माणूस पैसे बुडवणार नाही.” आणि त्या बसल्या.

कर्ज मंजूर झालं. गुरुजींनी सही करायची जागा बोटानं दाखवली आणि मास्तरांनी बोटाच्या अंदाजानं सही केली. सायकलवाल्यानं पाठीवर थाप मारली. मास्तरांना मात्र हलकं वाटायच्या ऐवजी आणखी जड वाटत होतं. एखाद्याचं वाटोळं करावं आणि त्यानंच येऊन आपल्याला हात द्यावा, याच्याइतकी मोठी शिक्षा नाही.

फाटकापाशी ताई थांबल्या होत्या.

“माझे दोन ब्लाउज आहेत ना तुमच्याकडे?”

“हो ताई,” मास्तर घाईघाईनं म्हणाले. “ऑपरेशन झालं की पहिले तुमचेच. किंवा त्याआधी, बुधवारी—”

“शिवू नका. कापड परत द्या.”

मास्तर हळूच म्हणाले, “कापलंय, ताई.”

“कापलेलं द्या.”

“दुसऱ्या शिंप्याला ते... म्हणजे उजवी बाजू वेगळी कापलीय. तो विचारेल.”

“मी सांगेन. आता मला सांगायला काय झालंय?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “जामीन राहिले ते राहिले, मास्तर. त्यात बदल नाही. पण पुन्हा तुमच्यासमोर माप द्यायला उभी नाही राहू शकणार.”

दोघं दुकानापर्यंत चालत गेले, ताई दोन पावलं पुढे. मास्तरांनी फळीवरचे तुकडे हातानं चाचपून काढले, पाठ, बाह्या, डावा पुढा, उजवा पुढा, आणि घडी घालून कागदात बांधले. ताईंनी पुडकं घेतलं आणि पाकीट उघडलं.

“कापायची मजुरी किती?”

“ताई, नको. एवढं नका करू.”

“घ्या. शिवणाऱ्याचं देणं मी ठेवत नाही.”

मास्तरांनी हात पुढे केला. ताई नोट ठेवून निघून गेल्या. नोट कितीची होती, सुटे परत द्यायचे होते का, हे मास्तरांना दिसलं नाही. आणि ताईंना हाक मारून विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.