रफूचं बटण

वहिनीच्या घरी मागच्या खोलीत शिरायचं तर आधी कुणाच्या ना कुणाच्या पँटी बाजूला साराव्या लागत. कमरेत सैल करायच्या, पायात आखूड करायच्या, चेन बदलायच्या, असे कपडे तीन भिंतींच्या दांड्यांवर पार छतापर्यंत लटकलेले. आठ वर्षांपूर्वी तिच्या नणंदेने याच खोलीत उभं राहून मोबाइलवर एक गाणं रेकॉर्ड केलं होतं. सहजच, पँट आखूड होईपर्यंत वेळ जावा म्हणून. मग दोघींनी ते ऐकलं आणि एकमेकींकडे बघत राहिल्या. ना कुठे घुमणं, ना पत्र्यासारखा खणखणाट. नणंद जणू मोबाइलच्या आत बसून गात होती. रेकॉर्डिंग करणारे लोक पदरमोड करून भिंतींना स्पंज का लावतात, ते वहिनीला त्या दिवशी कळलं. तिच्याकडे तो स्पंज आयता होता, आणि गिऱ्हाइकं स्वतः आणून देत होती.

शिलाई मशीनशेजारी मग एक जुना लॅपटॉप आला, माइक आला, आठ माइक जोडायची आठ तोंडांची एक पेटी आली. शिकवलं कुणी नाही. व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा लावायचा. शिकवणारी सगळी पोरं पंचविशीतली, आणि सगळी पहिल्याच मिनिटाला सांगायची की हे अगदी सोप्पं आहे. वहिनीला ते सोपं व्हायला चार वर्षं लागली. लॅपटॉपमध्ये आवाजावर काम करणारी प्लगइन नावाची छोटी छोटी अवजारं असतात. त्यांची इंग्रजी नावं जिभेवर बसेनात, तेव्हा तिने आपली ठेवली. आवाजातला नको तो भाग उडवते ती कात्री. मोठंलहान सगळं एका पातळीवर आणते ती इस्त्री. आवाजामागे हलकंसं घुमणं जोडतं ते अस्तर. आणि घसरलेला सूर उचलून जागेवर बसवतो, तो रफू. नणंदेच्या बँडमधले पुरुष आधी हसले. महिन्याभरात तेच म्हणू लागले, "वहिनी, गिटारला इस्त्री जरा कमी करा ना."

बँड चौघांचा. नणंद गायची. ड्रमवर एक पोस्टमन. गिटारवर एक दातांचे डॉक्टर, ज्यांना सगळे दातवाले म्हणत. आणि खालच्या जाड सुरांची बास गिटार वाजवायला वहिनीचा नवरा. बस आगारात इंजिनं उघडणारा हा माणूस बासही तसाच वाजवायचा, वर न बघता. बासचं काम नवऱ्यासारखंच आहे, असं वहिनीचं मत. असतो तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही, नसला की सगळं पोकळ वाटतं. हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. उगाच शेफारला असता.

गेल्या वर्षी नणंदेच्या घशात गाठ झाली. शाळेत गणित शिकवायची. वीस वर्षं पोरांवर ओरडून ओरडून गाठ तयार केलेली. ऑपरेशन झालं, आणि दोन महिने बोलायचं नाही असं बजावून घरी पाठवलं. ती वहीत लिहून बोलायची.

"वन्सं," वहिनी म्हणायची (चिडवायचं असलं की ती वन्सं म्हणे आणि अहो-जाहो करे), "आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याशी भांडणात मी जिंकतेय. लिहा, लिहा, मी थांबलेय."

नणंद वहीत लिहायची, 'बघून घेईन', आणि खाली दोन रेघा मारायची.

आवाज परत आला, पण होता तसा आला नाही. खाली तो भरदार झाला होता, लोकरीच्या कोटासारखा. वर चढताना मात्र एखादी पायरी चुकायची. बँडने सगळी गाणी दोन पट्ट्या खाली उतरवली. ते काही अवघड नव्हतं, कारण यांची सगळी गाणी पहिल्यापासून एकाच पट्टीत बसवलेली. गिटारच्या दांड्यावर दुसऱ्या घराशी दातवाल्यांचा एक चिमटा कायम लावलेला असे. तो काढून खिशात टाकला की झाली पट्टी खाली. तरी पायरी अधूनमधून चुकायचीच.

अशात बस आगाराच्या कामगारांच्या संमेलनाचं आमंत्रण आलं. रविवारी दुपारी, नऊ गाणी, समोर तीनशे माणसं. नणंदेने पोस्टमनला सरळ सांगून टाकलं, "रविवारी मी घसरले, तर पुढच्या वेळी तुझ्या त्या पुतणीला घेऊन ये. गाते चांगलं. मी टाळ्या वाजवायला येईन."

"काहीतरीच काय बाई," पोस्टमन म्हणाला. पण लगेच म्हणाला नाही. मध्ये एक श्वास गेला. ड्रमवाल्याचे श्वास वहिनी आठ वर्षं मोजत आली होती. हाही तिने मोजला. नणंदेनेही मोजला असणार, कारण दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर ती मागच्या खोलीत येऊन पँटींमध्ये उभी राहिली.

"रविवारी तुझा तो रफू लावशील, तरच मी गाईन."

"अगं, रेकॉर्डिंगला लावते ते वेगळं. समोर लोक बसलेत, तू गातेयस, आणि तेव्हाच लावायचा? हे म्हणजे अंगातल्या शर्टाला रफू करणं झालं. सुई टोचेल."

"टोचू दे."

वहिनीने लावून दाखवला. नणंदेने हेडफोन घालून दोन ओळी म्हटल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. "माझाच आवाज मला मागून येतोय. केसभर उशिरा. आणि वरचा सूर काचेचा लागतो."

"तेच तर सांगतेय."

"काचेचा तर काचेचा. फुटका तरी नाही ना." मग म्हणाली, "बाकी तिघांना सांगू नकोस."

नणंद कधी काही मागणाऱ्यांतली नव्हती. वहिनीने पुढचे तीन दिवस रफू करण्यात घालवले. गिऱ्हाइकांच्या पँटी खोळंबल्या. रफूला आधी सांगावं लागतं की बाबा रे, या पट्टीतले हे सात सूर आपले, बाकीचे परके. परका सूर दिसला की तो त्याला ओढून शेजारच्या आपल्या सुरावर नेऊन बसवतो. फार ओढलं तर बाई यंत्रासारखी गाते, कमी ओढलं तर घसरण दिसते. वहिनी केसाकेसाने बटण फिरवत राहिली. शेवटी असं जमलं, की कुठे शिवलंय ते तिलाही सापडेना.

रविवारची जागा म्हणजे एक जुनं गोदाम. पत्र्याचं छत, उंच खिडक्या, त्यांतून तिरपं ऊन. बोललेलं छतापर्यंत जाऊन परत यायचं आणि जणू विचारायचं, काय म्हणालात? वहिनीने पोहोचल्या पोहोचल्या अस्तर जवळजवळ काढूनच टाकलं. गोदामाने आपलं अस्तर स्वतःच आणलेलं. दिवस थंडीचे, लोक कोट घालून येत होते. मग ती दाराशी उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाचा कोट मागून घेऊन मागच्या भिंतीच्या खिळ्यांवर लटकवू लागली. गोदामाच्या रखवालदाराला वाटलं, बाई कोट सांभाळायच्या नोकरीवर आहे. त्याने आपलाही दिला. दीडशे कोट लागल्यावर छताने उलट विचारणं बरंच कमी केलं.

चाचणीत नणंदेच्या माइकने शीळ घातली, कानात सुई जावी अशी. कोण शीळ घालतंय ते बघायला वहिनीने तिच्या आवाजावरची चारही अवजारं एकेक करून बंद केली. कात्री, इस्त्री, अस्तर, रफू. शीळ चालूच. मग दिसलं, स्टेजवरचा छोटा स्पीकर माइककडे तोंड करून बसलाय. जाऊन तो पायाने वळवला, शीळ थांबली. परत येऊन तिने अवजारं चालू करायला घेतली. कात्री लावली. इस्त्री लावली. अस्तर लावलं.

"वहिनी," मागून पोस्टमन म्हणाला, "मी ऐकू येतोय ना?"

"तुम्ही पलीकडच्या गल्लीतही ऐकू येताय."

"तसं नाही हो. तो खालचा मोठा ड्रम. पोटात लागला पाहिजे."

वहिनी उठली, त्याच्याबरोबर गेली, मोठ्या ड्रमसमोरचा माइक चार बोटं आत सरकवला, त्याला दोनदा वाजवायला लावून पोटावर हात ठेवून दाखवला. परत जागेवर येते तोच दिवे लागले, लोक बसले, आणि दातवाल्यांनी पहिली तार छेडली. खिडकीतलं ऊन नेमकं लॅपटॉपवर आलेलं. पडद्यावर वहिनीला स्वतःचा चेहरा तेवढा दिसत होता. तिने लॅपटॉप बाजूला सारला आणि हात पेटीच्या सरकत्या बटणांवर ठेवले. खरं काम तिथेच असतं. चौघांपैकी प्रत्येकाला वाटतं आपण वर हवं. ती कुणालाच वर करत नाही, बाकीच्यांना आळीपाळीने थोडं थोडं खाली करते. सगळे खूश राहतात.

पहिल्या गाण्यात चढाची जागा आली. नणंद चढली, वर टेकली, उतरली. सुरकुती नाही.

बसला, वहिनी मनात म्हणाली. काय बसलाय. सुई कुठे टोचली ते कुणी दाखवावं. त्या पंचविशीतल्या सगळ्या पोरांना आणून इथे ओळीने बसवावं, असं तिला वाटून गेलं. दुसऱ्या गाण्यात एका ठिकाणी सूर जरासा हलला, मग सावरून जागेवर आला. रफूने ओढला, उशिरा ओढला, पण ओढला. तिसऱ्या गाण्याला पुढच्या रांगेतला एक टकलू गृहस्थ डोळे मिटून मान हलवू लागला, तेव्हा वहिनी खुर्चीत इतकी ताठ बसली होती की पाठ दुखायला लागली.

तिसरं गाणं संपलं. नणंद पाणी प्यायली, आणि वळून दातवाल्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. दातवाल्यांनी भुवया उंचावल्या. नणंदेने मान डोलावली. तेव्हा त्यांनी खिशात हात घातला, चिमटा काढला, आणि गिटारच्या दुसऱ्या घराशी लावला. शेजारी वहिनीच्या नवऱ्याने, वर न बघता, बासवरचा हात दोन घरं पुढे नेला.

वहिनी पडद्यावर वाकली. जुनी पट्टी. बाई जुन्या पट्टीत गाणार. आणि रफूला शिकवलेले सात सूर सगळे नव्या पट्टीतले. जुन्या पट्टीतले दोन सूर त्याच्या दृष्टीने परके, आणि ते दोन नेमके चढाच्या जागेतले. तो त्यांना मानगूट धरून शेजारी नेऊन आपटणार. तीनशे माणसांसमोर नणंद बेसूर होणार, गळ्याने नाही, वहिनीच्या तीन दिवसांच्या मेहनतीने.

पोस्टमनने काड्यांवर काड्या वाजवल्या. एक, दोन, तीन, चार. वहिनीने दोन्ही हातांची सावली पडद्यावर धरली आणि रफू बंद करायला बटण शोधलं. कात्री, हिरवी. इस्त्री, हिरवी. अस्तर, हिरवं. रफू.

रफू करडा होता. चालू असला की हिरवा असतो.

तिने पुन्हा बघितलं. करडाच. तिला मोठा ड्रम आठवला, पोटावर ठेवलेला हात आठवला. तीन गाणी झाली होती. तीन गाणी ती ताठ बसून स्वतःची पाठ थोपटत होती, आणि पलीकडे ते सगळं एकटी नणंद करत होती.

तेवढ्यात चढ आला. नणंदेचा आवाज वर गेला, आणि जाड लोकर सुईखाली आली की मशीन जसं क्षणभर अडतं, तसा अडला, खरखरला, आणि पुढे गेला. वर जाऊन थांबला. पूर्वी तिथे तो टोकदार लागायचा. आता त्याला रुंदी होती. टकलू गृहस्थाने डोळे उघडले.

चौथं गाणं संपलं तेव्हा वहिनीकडे वेळ होता. पट्टी बदलायला दोन टिचक्या, रफू हिरवा करायला एक. सहाव्या गाण्यातला चढ सगळ्यात वाईट, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिचं बोट त्या बटणावर जाऊन टेकलं, आणि तिथेच राहिलं. दुसऱ्या हाताने तिने गिटार जरा खाली घेतली, नवऱ्यालाही केसभर खाली घेतलं, आणि नणंदेच्या आवाजाला मोकळी जागा करून दिली. सहावं गाणं आलं, गेलं. नववं झालं, लोक उभे राहिले, आणि वहिनीचा डावा हात मुंग्या येऊन बधिर झाला होता.

नंतर ती वायरी गुंडाळत होती, आणि लोक भिंतीवरून आपापले कोट ओळखून नेत होते. पोस्टमन नणंदेला म्हणत होता, "पुतणीला सांगतो, अजून दहा वर्षं अभ्यास कर." या वेळी मध्ये श्वास गेला नाही.

नणंद येऊन वहिनीशेजारी खोक्यावर बसली. घामेजलेली, लाल झालेली.

"मला पहिल्याच ओळीला कळलं," ती हळू म्हणाली. "आवाज मागून आला नाही. काचही नाही. म्हटलं, हिने काढून टाकला. मुद्दाम. न सांगता. आधी इतका राग आला तुझा. मग वाटलं, हिचे कान म्हणतायत जमेल, तर जमत असेल. म्हणून तर पट्टी चढवली." तिने वहिनीच्या हातातल्या वायरीचं दुसरं टोक उचललं. "दुसरं कुणी असतं तर घाबरून लावला असता."

वहिनीला हे ऐकत राहावंसं वाटलं. आठ वर्षांत तिच्या कानांचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि गप्प बसलं तर ते आयतं पदरात पडत होतं. तिने वायरीचे दोन वेढे घेतले. तिसरा काही घेता येईना.

"विसरले," ती म्हणाली.

"काय?"

"लावायचा विसरले. पोस्टमन ड्रम घेऊन आला मध्येच. तीन गाणी मला वाटत होतं, माझा रफू काय बसलाय. तुझ्या गाण्यावर मी स्वतःच खूश होत होते. दातवाल्यांनी चिमटा लावला तेव्हा बटण बघितलं."

नणंद तिच्याकडे बघत राहिली. वीस वर्षं चुकीची गणितं तपासलेली नजर ती.

"म्हणजे चौथ्या गाण्याच्या आधी तुला कळलं."

"हो."

"आणि मग? मग का नाही लावलास?"

"मग नाही लावला. बोट ठेवून बसले होते, शेवटपर्यंत. बघ, अजून सरळ होत नाहीये."

"ते मुद्दाम?"

"ते मुद्दाम."

नणंदेने तो हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि बोटं एकेक करून चोळायला लागली. समोर वहिनीचा नवरा दोन्ही हातांत दोन स्पीकर घेऊन, वर न बघता, दाराकडे चालला होता.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "सगळं रेकॉर्ड झालंय. उद्या घरी बसून नीट करते. सहाव्या गाण्यात तो चढ जिथे जरा अडतो ना..."

"त्याला हात लावायचा नाही."

"नाही लावत. तेच सांगत होते."

नणंदेने मधलं बोट चोळून सरळ केलं. मग म्हणाली, "ड्रम मात्र कमी कर. पोटात लागत होता."