भाऊसाहेबांची एकच प्रत

शिक्षणसंस्थेचा मेल सर्व्हर तिसऱ्यांदा तुडुंब भरला, तेव्हा अध्यक्ष भगवंतरावांनी तो सांभाळणाऱ्या गजेंद्रला बजावलं, "आता हॉलतिकिटाचे मेल अडकले त तुयं कंत्राट गेलं समज."

गजेंद्रला हसावं की रडावं कळेना. सर्व्हर भरत होते ते खुद्द भगवंतरावच. मोझरीच्या आश्रमातून आल्यापासून ते रोज पहाटे स्वतःच्या आवाजात चिंतन रेकॉर्ड करून अमरावती ते अकोला, संस्थेच्या साऱ्या कॉलेजांतल्या चार हजार माणसांना धाडत. शिपायापासून प्राचार्यापर्यंत प्रत्येकाच्या खात्यात त्याची वेगळी प्रत पडे आणि न उघडता तशीच पडून राही.

हे अध्यक्षांना सांगणार कोण? गजेंद्रने मुकाट्याने सारे मेल डेटाबेसमध्ये हलवले. तिथे एकसारखी फाइल एकदाच साठवायची, लोकांच्या खात्यात नुसती तिची खूण. सर्व्हर रिकामा झाला, हॉलतिकिटं सुटली. गजेंद्र खुशीत कंत्राटावर सही घ्यायला गेला आणि बोलण्याच्या भरात सगळं समजावून बसला.

भगवंतरावांनी पेन खाली ठेवलं. "म्हंजे माहं चिंतन आता किती जणायपाशी आहे?"

"सगळ्यायपाशी, भाऊसाहेब. पण प्रत एकच."

"चार हजार लोकायत एक?"

"सगळ्यायले सारखंच जाते न, म्हणून."

म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालं. गजेंद्रला पहिल्यांदाच त्यांचं वाईट वाटलं. सही राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवसापासून सर्व्हरवरची जागा पुन्हा कमी होऊ लागली. गजेंद्र चक्रावला. तेवढ्यात अकोल्याहून, संस्थेच्या जठारपेठेतल्या ऑफिसातून क्लार्क सीमाताईंचा फोन आला. "काहून हो गजेंद्रभाऊ, भाऊसाहेबायले काय झालं? आज माह्या नावानं बोलले. माह्या गुडघ्याचं इचारलं."

भगवंतराव आता दिवसभर एकेकाचं नाव घेऊन वेगळं बोलत होते. कुठलीच फाइल दुसरीसारखी नाही म्हटल्यावर डेटाबेसचाही नाइलाज होता. गजेंद्रने तपासलं, तर नावानिशी गेलेला एकूण एक मेल उघडला गेला होता.

आठवड्याने त्याच्याही खात्यात एक पडला. भगवंतराव बोलत होते, "गजेंद्र, सही करून ठेवली. घ्यायले येशीन तवा तुया पोरीचं नाव सांगजो. तू कामाले लागून सात वर्सं झाली, मले मालूम नाही."

गजेंद्रने ते पुन्हा एकदा ऐकलं. मग नव्या डिस्कची मागणी लिहायला घेतली.