घराच्या पाठीवर स्कूटर

चेरीतालच्या त्या गल्लीतून मिनीबस काढायची म्हणजे आधी तीन घरांपुढच्या खाटा उचलायच्या, दोन मोटरसायकली सरकवायच्या आणि मग कोणीतरी मागं उभं राहून "आने दो, आने दो" म्हणून ओरडायचं. त्या रविवारी सकाळी हे काम अख्खी गल्ली करत होती. कारण ती आता नुसती मिनीबस राहिली नव्हती. अंबादासराव मेश्राम आणि त्यांचा मुलगा विनय या दोघांनी शाळेची जुनी बस आणून, आठ महिने ठोकठोक करून तिचं घर केलं होतं. आत दोन बर्थ, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. विनय त्याला मोटरहोम म्हणायचा, गल्ली 'चलता-फिरता घर' म्हणायची, आणि सुमनबाई म्हणायच्या, "तुमचं ते डबडं."

अंबादासराव छत्तीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात फिटर होते. त्यांनी कसलेली वस्तू हलत नाही, हा त्यांचा अभिमान आणि घरच्यांचा वैताग. या डबड्यात तर त्यांनी हौस भागवून घेतली होती. शेगडी बोल्टनं कसलेली, डबे पट्टीनं आवळलेले, खिडकीजवळच्या बुद्धाच्या छोट्या मूर्तीलाही खालून दोन स्क्रू.

"अवो, त्याइले तरी सोडा," सुमनबाई म्हणाल्या होत्या. "ते कुठं पळून राहिले?"

"स्पीडब्रेकर आला म्हणजे समजते," अंबादासराव म्हणाले.

ऑक्टोबरात याच गाडीनं सगळ्यांना नागपूरला जायचं होतं. त्याआधी एक चाचणी हवी, म्हणून विनय म्हणाला, भेडाघाटला जाऊन येऊ. सुमनबाईंनी कणीक मळता मळताच सांगून टाकलं, "मझौली. अन् माझी स्कूटर संगं येईन. नाही तर मी बी नाही येत."

आता त्या स्कूटरचं सांगायलाच पाहिजे. सुमनबाई बावीस वर्षं मझौलीच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आठवडाभर तिथल्या क्वार्टरमध्ये, शनिवारी संध्याकाळी स्कूटरनं चेरीतालला घरी. हातात गिअरची, किक मारायच्या आधी एका अंगाला झुकवावी लागणारी, निळी स्कूटर. रात्री-अपरात्री खेड्यातून बोलावणं आलं की पुढं सुमनबाई आणि मागच्या सीटवर चंपाबाई. चंपाबाई म्हणजे तिकडची सुईण. शाळेचं तोंड न पाहिलेली, पण पोटाला हात लावून बाळ आडवं की उभं ते सांगणारी. दोघींनी मिळून किती जचक्या केल्या, याचा हिशोब दोघींनीही ठेवला नाही. सुमनबाई रिटायर झाल्या त्या दिवशी चंपाबाई रडत म्हणाली होती, "अब हमें कौन घुमाएगा, सिस्टर दीदी?" आणि सुमनबाईंनी तिला शब्द दिला होता, की मी येईन, स्कूटर घेऊनच येईन.

त्याला आठ वर्षं झाली. रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि स्कूटरची किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर गेली. चालवू नको असं तोंडानं कोणी म्हटलं नाही. पण सुमनबाईंनी खिळ्याकडं नुसतं पाहिलं, तरी विनय म्हणायचा, "आई, कहां जाना है? मी सोडतो ना." अंबादासराव दर रविवारी स्कूटर पुसत, प्लग साफ करत, दहा मिनिटं चालू ठेवत आणि किल्ली परत खिळ्यावर लावत. सुमनबाई ओट्याशी उभ्या राहून तो आवाज ऐकायच्या. आपल्या गाडीचा आवाज आपण पाहुण्यासारखा ऐकायचा, याचा त्यांना भारी राग यायचा.

तर, स्कूटर न्यायची ठरली. विनयनं कुरकुर केली, की मागच्या चाकांच्या मागं एवढं वजन टांगलं तर पुढची बाजू हलकी होते, स्टिअरिंग उचलतं. अंबादासरावांनी पाण्याची टाकी पुढं सरकवली आणि बसच्या पाठीला लोखंडी चौकट जोडली. स्कूटरची दोन्ही चाकं बसतील असा खाचेचा पत्रा, आणि पायदानावरून दाबून बसणारा एक जाड दांडा. दांड्याला कुलूप. कुलपावर कोणी हातोडा मारू नये म्हणून त्याच्याभोवती पाइपाचा तुकडा. नट कोणी खोलू नये म्हणून नटांवर वेल्डिंग. चौकटीवर लाल दिवे आणि गाडीच्या नंबरची दुसरी पाटीसुद्धा लावली.

"आता चोराच्या बापाले बी निघत नाही," ते म्हणाले.

"न्यायला हरकत नाही," विनय हळूच बापाला म्हणाला. "पर चलाने मत देना."

सुमनबाईंनी ते ऐकलं. त्यांनी खिळ्यावरची स्कूटरची किल्ली काढून आपल्या पर्समध्ये टाकली.

गाडी निघाली. सुनेला, विभावरीला, परीक्षेच्या कामामुळं घरीच राहायचं होतं. ती दारातून हात हलवत राहिली. शहर सुटलं, शेतं लागली. मागून येणारे मोटरसायकलवाले घराच्या पाठीवर बसलेली निळी स्कूटर पाहून हॉर्न वाजवत, हसत पुढं जात. सुमनबाई मागच्या खिडकीशी बसून होत्या. खड्डा आला की सगळं डबडं हाले; स्कूटर तेवढी जागची हलत नव्हती. मानलं पाहिजे बुवा, असं त्यांना मनातल्या मनात वाटलं. पण नवऱ्याला तसं सांगण्याची काही गरज नव्हती.

मझौलीच्या बाजाराच्या अलीकडं, एका मोठ्या चिंचेखाली विनयनं गाडी लावली. इथून चंपाबाईचं गाव तीन किलोमीटर. रस्ता बांधावरचा, अरुंद, वर बाभळीच्या फांद्या. चालतं घर तिथं चालणारच नव्हतं. सुमनबाईंनी पदर खोचला, पर्समधून किल्ली काढली आणि म्हणाल्या, "चलो. उतरवा."

अंबादासरावांनी डाव्या खिशात हात घातला. मग उजव्या. मग शर्टाच्या. मग पुन्हा डाव्या.

कारखान्यात एक रीत होती. बाहेर पडताना आपल्या शॉपची किल्ली गेटवर, आपल्या नंबरच्या खिळ्याला टांगायची. किल्ली खिशात घेऊन कोणी घरी गेला, तर दुसऱ्या दिवशी मेमो. छत्तीस वर्षांत अंबादासरावांना एकही मेमो मिळाला नाही. सकाळी दांडा आवळला, कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आत जाऊन पाणी प्यायले, आणि दारातून बाहेर पडताना कुलपाची किल्ली खिळ्यावर टांगून आले. हाताला सवय, डोक्याला पत्ताच नाही.

विनयनं फोन लावला. विभावरी म्हणाली, "हां, है ना. इथंच खिळ्यावर आहे. क्यों?"

विनय म्हणाला, "आई, मी बसनं जाऊन घेऊन येतो. तीन-चार घंटे लगेंगे."

"अन् तवापर्यंत दिवस मावळते," सुमनबाई म्हणाल्या. त्या नवऱ्याकडं वळल्या. आठ वर्षांचं सगळं एकदम वर आलं. "तुम्ही मुद्दाम ठेवून आले."

"सुमन, नाही गं."

"काहून नाही? सहा वर्षं तेच तं करून राहिले. रविवारी पुसायची, फुरफुर करायची अन् खिळ्यावर टांगायची. तुमच्या लेखी मी बी खिळ्यावरच आहो. एवढं वाटत होतं तं तोंडानं म्हणायचं, चालवू नको म्हणून. मझौलीपर्यंत आणून तमाशा कायले?"

अंबादासराव तडक बाजाराच्या दिशेनं निघून गेले. सुमनबाई डबड्याच्या पायरीवर बसल्या. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पदरानं रागारागानं पुसलं. चंपाबाईला कालच निरोप गेला होता. ती ऐंशीच्या पुढची बाई सकाळपासून नवं लुगडं नेसून दारात बसली असणार, आणि आपण तिच्याकडं चालत जावं एवढंही या गुडघ्यात राहिलं नव्हतं.

पंधरा मिनिटांनी अंबादासराव परत आले. बरोबर पंचविशीतला एक धिप्पाड माणूस, हातात लोखंड कापायचा ग्राइंडर, खांद्यावर वायरचं भेंडोळं. त्यानं वाकून सुमनबाईंच्या पायाला हात लावला.

"पहचाना नहीं, सिस्टर दीदी? श्यामसुंदर. बिजली गुल थी, आपने टॉर्च मुंह में पकड़ के पैदा किया था हमको. अम्मा आज तक सुनाती है."

मोटरसायकल दुरुस्तीचं त्याचं दुकान तिथंच चौकात होतं. त्यानं चौकटीभोवती एक चक्कर मारली, वेल्डिंगवरून बोट फिरवलं आणि कान पकडला. "अंकल, ये किसने बनाया? इसको काटना तो पाप है."

"म्यां बनवलं," अंबादासराव म्हणाले. "अन् मीच कापतो. इकडं आण."

त्यांनी आधी स्कूटरचं पेट्रोल नळी लावून डब्यात काढलं, डबा लांब ठेवायला लावला. स्कूटरवर ओली पोती टाकली. समोरच्या घरातून वीज घेतली, चष्मा पुसून परत लावला, आणि ग्राइंडर आपल्याच दांड्यावर टेकवला. ठिणग्या उडाल्या. चिंचेखाली माणसं जमली. सुमनबाई पायरीवरून पाहत होत्या. या माणसानं घरातली साधी खुंटीसुद्धा कधी कोणाला काढू दिली नव्हती. आणि आता ते दात आवळून, घाम गाळत, आठ महिन्यांतलं सगळ्यात चांगलं काम स्वतःच्या हातानं कापत होते. सुमनबाईंचा राग कुठल्या कुठं गेला. त्यांना वाटलं, उठावं आणि म्हणावं, राहू द्या हो. पण त्या उठल्या नाहीत, कारण स्कूटर त्यांना पाहिजेच होती.

दांडा खळकन पडला.

अंबादासरावांनी पेट्रोल परत भरलं, स्कूटर झुकवली, सरळ केली आणि हँडल बायकोच्या हातात दिलं. "क्लच जरा कडक आहे," एवढंच म्हणाले.

पहिल्यांदा गाडी बंद पडली. विनय पुढं सरसावला, तर अंबादासरावांनी त्याचा दंड धरला. दुसऱ्यांदाही बंद पडली. तिसऱ्या किकेला धूर सोडत स्कूटर निघाली, आधी वेडीवाकडी, मग सरळ, आणि बाभळींखालून बांधाच्या रस्त्याला लागली. सुमनबाईंना वाटलं होतं भीती वाटेल. वाटलं भलतंच. वारा तोंडावर आला आणि त्या एकट्याच मोठ्यानं हसत सुटल्या.

चंपाबाई दारातच होती. तिनं आवाज ओळखला होता, काठी टेकत अंगणाबाहेर आली होती. "आठ साल लगा दिए!" ती ओरडली. "हमने सोचा, सिस्टर दीदी हमको भूल गईं."

"बैठो पहले," सुमनबाई म्हणाल्या. "भांडण रस्त्यात."

अर्ध्या तासानं मझौलीच्या बाजारातून निळी स्कूटर हळूहळू फिरत होती. मागं चंपाबाई, एक हात सुमनबाईंच्या खांद्यावर, दुसऱ्या हातातली काठी राजदंडासारखी उभी. ती काठीनंच दाखवत होती, तो भजीवाला आपला, ती बांगड्यांच्या दुकानातली आपली, तो पोलीसही आपलाच, पायाळू निघाला होता, आठवतो ना? लोक दुकानातून उतरून पाया पडत होते. कोणी पेढे आणले, कोणी चहा. चालत्या घरातल्या शेगडीवर विनयनं वीस माणसांचा चहा केला आणि पहिल्यांदाच ते डबडं खरोखरीचं घर वाटलं.

निघायची वेळ झाली. चंपाबाईला तिच्या दारात सोडून सुमनबाई चिंचेखाली परत आल्या. विनयनं दोरी काढली. "बाबा, रस्सी से बांध देते हैं."

"दोरीनं?" अंबादासराव चमकले, जणू कोणी शिवी दिली. "दोरीनं बांधलेली गाडी मी रस्त्यावर नेणार नाही. खड्ड्यात उसळली तं मागच्याच्या डोक्यात जाईन." त्यांनी विनयच्या हातातली दोरी काढून घेतली. "चालवतच न्यावी लागते."

"कौन चलाएगा?"

"जिची आहे ते. मी मागं बसतो."

सुमनबाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस बायकोच्या मागं कधी बसला नव्हता. गल्लीच्या तोंडाशी उतरून चालत यायचा, पण लोकांदेखत मागं म्हणून नाही.

"लोक पाहतीन," त्या म्हणाल्या.

"पाहू दे. अन् गुडघा दुखला तं सांगजो, चहा घेऊ."

गुडघा दुखला, दोनदा चहा झाला. सकाळी घराच्या मागं स्कूटर होती, आता स्कूटरच्या मागं घर दिवे लावून सावकाश येत होतं. अंबादासराव सगळ्या वाटेनं "खड्डा, खड्डा" म्हणत होते आणि सुमनबाई "दिसते मला" म्हणत होत्या. चेरीतालच्या गल्लीत शिरताना गल्लीच्या तोंडाशी सुमनबाईंनी गाडी हळू केली. मागचा माणूस उतरला नाही. खाटांवरची माणसं उठून उभी राहिली, कोणीतरी शिट्टी मारली, आणि अंबादासरावांनी मागच्या सीटवरून सगळ्यांना हात केला.

दारात आल्यावर त्यांनी सवयीनं हात पुढं केला. "दे किल्ली. लावतो खिळ्यावर."

सुमनबाईंनी किल्ली पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन ओढली.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "सकाळी दही आणायला लागते."