आतला चुना

"दादा, खाली उतर. तोंड पांढरंफटक पडलंय तुझं."

"रंगाचे शिंतोडे असतील," शिडीवरून दादा म्हणाला. मग त्याच्या हातातून ब्रश सुटला आणि पाठोपाठ तो स्वतःही. धाकट्यानं झेलायला धाव घेतली, तर दोघे एकमेकांवर कोसळले. शुद्धीवर येताच दादानं विचारलं, "घरमालकाचा सोफा खराब नाही ना झाला?"

दोघं भाऊ घरं रंगवायचे. मिसरूड फुटल्यापासून धाकटा दादाच्या हाताखाली. छतं आणि कोपरे दादाचे, दारं-खिडक्या धाकट्याच्या. दादाला तिशीतच मधुमेह जडला होता. गोळी आठवली तर घ्यायचा. "दुखत नाही, खुपत नाही, त्या साखरेचे कशाला एवढे लाड?" असं वर म्हणायचा. पुढे धाप लागायला लागली, तेव्हा सगळं वयावर ढकलून मोकळा झाला.

शिडीवरून पडल्यावर मात्र धाकट्यानं त्याला दवाखान्यात नेलंच. तिथं डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर त्याचं हृदय दाखवलं. रक्त बाहेर सोडणारी झडप कॅल्शियमच्या, म्हणजे चुन्याच्याच थरांनी दगडासारखी झाली होती. धड उघडतच नव्हती.

"वयानं होतं हे," त्या म्हणाल्या. "पण साखर वर्षानुवर्षं चढी राहिली, की लवकर होतं आणि वाढतंही भराभर."

"जन्मभर लोकांच्या भिंतींना चुना लावला, बाई," दादा हसला. "शेवटी मलाच लागला म्हणायचा."

त्या हसल्या नाहीत. झडप बदलायला हवी होती. पण मधुमेहानं मूत्रपिंडं निकामी केली होती, पायांच्या रक्तवाहिन्या बुजवल्या होत्या. कुठल्याच मार्गानं ऑपरेशन झेपणार नव्हतं. आणि झडप मोकळी करणारं औषध नव्हतं.

"वहिनीला काय सांगू?" बाहेर आल्यावर धाकट्यानं विचारलं.

"पथ्य सांगितलंय म्हण. खोटं थोडंच आहे?"

काही दिवसांतच दादाला आडवं होणं जमेना. वहिनीनं पाठीशी उशा रचल्या, काही विचारलं नाही. फक्त एकदा स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "भावजी, मला सगळं कळतं. पण कळत नाही असंच त्यांना वाटू दे."

एका सकाळी दादानं धाकट्याला बोलावलं. "दाढी करून दे रे. आरशात भलताच माणूस दिसतो."

धाकट्यानं फेस केला, वस्तरा लावला.

"कानाजवळ जपून. कडेला हात घसरतो तुझा."

"ही भिंत नाहीये, दादा."

"म्हणूनच सांगतोय."

एक गाल झाला. दुसरा करायला त्यानं हनुवटी वळवली, तर मान सैल पडली. त्यानं दादाच्या नाकाशी बोट धरलं. बराच वेळ धरलं. मग छातीला कान लावला.

गालावरचा फेस सुकत चालला होता. त्यानं ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला, नवा फेस केला आणि उरलेल्या गालावरची दाढी सावकाश, कानाच्या कडेपर्यंत नीट उतरवली. ओल्या फडक्यानं चेहरा पुसला. सदऱ्याची कॉलर सारखी केली.

मग दाराकडे न बघताच म्हणाला, "वहिनी, जरा आत येता?"