धुराड्यावरचं ओलं पोतं

शीगौ गावावर धुरकं बसलं त्याला आज सातवा दिवस. वारा कुठे जाऊन निजला होता, कोण जाणे. रस्त्याकडेचे पॉपलर वृक्ष अर्धेच दिसत. वरचा अर्धा कुणी ओल्या फडक्यानं पुसून टाकल्यासारखा. खाकरलं की रुमालावर काळं यायचं.

दुपारची जेवणं चालू असताना चौकातला भोंगा बोलू लागला. "लाल इशारा कायम आहे. दारं-खिडक्या घट्ट लावून घ्या. म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढू नका. जेवणानंतर धुराडी तपासायला माणसं येतील. कोळशाचा धूर दिसला, तर चूल आजच्या आज उचलली जाईल."

बाओझेननं हातातली वाटी खाली ठेवली आणि सासऱ्यांकडे पाहिलं. ऐंशी उलटलेले म्याओ आजोबा विटांच्या ओट्यावर दोन गोधड्या पांघरून बसले होते. चुलीचा धूर त्या ओट्याच्या पोटातून फिरून धुराड्यात जाई, म्हणून ओटा ऊबदार राही. गॅसची नळी घरात आली होती, पण कडाक्याच्या थंडीत तिच्यात काही दम नसे. चूल गेली असती तर म्हाताऱ्याचा हिवाळा निभणं कठीण होतं.

अशा दिवशी काय करायचं, ते गल्लीतल्या सातही घरांना पाठ होतं. निखाऱ्यांवर ओल्या कोळशाचा चिखल थापायचा, शिडी लावून धुराड्याच्या तोंडावर ओलं पोतं टाकायचं, बोटभर फट ठेवायची. तपासणारे पुढे गेले की पोतं काढायचं. अर्ध्या तासाचा खेळ.

बाओझेन पोतं टाकून शिडीवरून उतरणार, तोच शेजारच्या थान वहिनी भिंतीपलीकडून म्हणाल्या, "अगं, तुझ्या फटीतून धूर दिसतोय. नीट झाक."

"वहिनी, माझा धूर बरा दिसतो तुम्हाला. परवा माझी कोंबडी तुमच्या अंगणात शिरली, ती नाही दिसली?"

"तिच्यातून धूर येत नव्हता."

बाओझेन हसली आणि तिनं पोतं ओढून सारखं केलं. बोटभर फटही बुजली.

खाली आली तर आजोबा खोकत होते. औषधाची बाटली रिकामी.

"मामंजी, पुलापलीकडून औषध घेऊन येते. तपासणीची गाडी येण्याआधी परत येते."

"तोंडाला फडकं बांध," आजोबा म्हणाले. "तू आजारी पडलीस तर माझ्याशी भांडणार कोण?"

तिनं दार घट्ट ओढून घेतलं. खिडक्यांची काळजी नव्हती. भोंग्याचं ऐकून परवाच तिनं त्यांना प्लास्टिक लावून चिकटपट्टीनं कडा बंद केल्या होत्या.

दवाखान्यात बाकावर गेंग काका डोकं धरून बसले होते. गावातल्या निम्म्या चुली त्यांनीच बांधलेल्या.

"काय काका, सकाळपासूनच बाटली उघडली वाटतं," बाओझेननं चिडवलं.

"प्यालो असतो तर निदान मजा तरी आली असती," ते म्हणाले. "चूल पेटवली, तर धूर वर जाईना. उलटा घरात आला. मी कसाबसा बाहेर पडलो. हवा जड झालीय, पोरी. आज धूर वर चढत नाही, खाली निजतो. आणि धुमसत्या कोळशाच्या विषारी वायूला तर रंगही नसतो, वासही नसतो. पन्नास वर्षांत असा दिवस एकदाच पाहिला होता. त्या दिवशी एका घरात तिघं..."

काकांनी वाक्य तिथंच सोडलं. बाओझेनला आपलं घर आठवलं. झाकलेलं धुराडं. बंद खिडक्या. धुमसती चूल. आणि फोन घरीच, ओट्यावर.

औषध न घेताच ती पळाली.

पुलाचा कठडा हाताला लागत होता तोवर ठीक होतं. पुढे सगळंच पांढुरकं, राखाडी. ती झाडं मोजत धावत होती. अकराव्या झाडाशी गल्ली. सात, आठ... की आठवं मघाशीच मोजलं? घशात करपट चव साचली होती. आभाळातल्या देवा, ती मनाशी म्हणत होती, माझी चूल ने, माझं घर ने, पण त्यांना ठेव. माणसाला देव आठवतो तो अशाच वाटेवर. आणि तोही बापडा रागावत नाही.

गल्लीच्या तोंडाशी दोन पिवळे दिवे. तपासणीची तीनचाकी होती. आत हौ नावाचा तरुण अधिकारी, हातात वही. बाओझेन गाडीला आडवी झाली.

तिनं एकदा गल्लीकडे पाहिलं. आपली चूल जाईलच, पण आता बोलले तर सातही घरांचं बिंग फुटेल.

"साहेब, धुराड्यावर पोतं टाकलंय मी. फट नाही ठेवली. खिडक्या बंद आहेत. मामंजी आत आहेत."

हौनं वही खाली टाकली. "घर कुठलं?"

दार उघडलं, तर खोलीत छान ऊब. धूर नाही, वासही नाही. आजोबा कुशीवर निजले होते आणि त्यांचे गाल नुकत्याच न्हाऊन आलेल्या बाळासारखे गुलाबी दिसत होते. किती सुखानं झोपलेत, असं तिला वाटलं. मग तिनं त्यांचा हात उचलला. सोडला, तर तो तसाच खाली पडला.

हौनं चुलीपाशी पडलेल्या चिमट्यानं खिडकीची काच फोडली. दोघांनी गोधडीसकट म्हाताऱ्याला ओढत अंगणात आणलं, त्या करपट, काळ्या हवेत.

"घ्या, मामंजी," बाओझेन त्यांची छाती चोळत म्हणत होती. "हीच हवा घ्या. मोठा श्वास घ्या."

हौनं फोनवर रुग्णवाहिका मागवली, मग गाडीतला ध्वनिक्षेपक हातात घेतला. "धुराड्यांवरची पोती काढा. कुणाचं नाव लिहीत नाही. आधी पोती काढा." गल्लीभर शिड्या खडखडू लागल्या. धुरक्यात माणूस एकही दिसत नव्हता. थान वहिनींचा आवाज तेवढा ओळखू आला. त्या रडत होत्या.

बऱ्याच वेळानं आजोबांना उलटी झाली. छाती हलली. डोळे उघडले. बाओझेननं त्यांचं तोंड आपल्या तोंडावरच्या फडक्यानं पुसलं आणि डोकं मांडीवर घेतलं.

आजोबा तिच्याकडे बघत राहिले.

"तू कुणाची गं?" त्यांनी विचारलं.

"मी बाओझेन. तुमची सून."

त्यांनी मान हलवली, जणू समजलं. दूर पुलाकडे रुग्णवाहिकेचा भोंगा वाजत होता. वाट सापडत नसावी, आवाज जागचा हलत नव्हता. तिनं त्यांचे गार पाय आपल्या अंगरख्यात घेतले.

"कुणाची?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"बाओझेन," ती म्हणाली, आणि मग न थांबता, एकेका श्वासासरशी, त्यांना आपलं नाव सांगत राहिली.