डालग्याखाली कोणाला कोंडायचं?

मी एक जुनं डालगं आहे. बांबूच्या कामट्यांचा माझा देह एका बुरडानं विणला. जमिनीवर उलटं घातलं की माझ्या पोटात एक कोंबडी सुखानं मावते. नवेपणी सगळे म्हणायचे, "वीण काय घट्ट आहे!" आता माझ्यावर रक्ताचे डाग आहेत, म्हणून कोणी कौतुक करत नाही.

हे डाग तांबडीचे. काकूंच्या परसात सात-आठ तलंगा होत्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या. त्यांतलीच ती एक. दाण्यांचं ताट मात्र एकच. मग काय, बळी तो कान पिळी! दांडग्या काळीनं एकदा तांबडीच्या शेपटीचं पीस उपटलं. रक्ताचा थेंब दिसला मात्र, साऱ्याच तुटून पडल्या. तांबडीच्या पाठीची सालटी निघाली.

काकूंनी तिला ओढून काढलं, औषध लावलं आणि माझ्याखाली ठेवलं. चला, एक जीव वाचला, असं मला वाटलं. पण जखम भरल्यावर तिला सोडलं तर बाकीच्या तिला पार विसरल्या होत्या! परकी समजून त्या पुन्हा धावल्या आणि काळीनं तिचा एक डोळाच फोडला. काकू पुन्हा मला घेऊन आल्या.

"आई, मारते काळी आणि कोंडतेस हिला?" लेक चिडून म्हणाली.

"अगं, हिचा जीव नको का वाचवायला?"

"असंच चाललं तर पुढच्या वेळी मेलेलीच उचलशील."

लेकीनं काळीला धरलं आणि माझ्याखाली डांबलं. तांबडीला मात्र सगळ्यांना दिसत राहील, ओळख मोडणार नाही, असं जाळीआड ठेवलं. काळीनं आकाशपाताळ एक केलं, धडका देऊन माझ्या दोन कामट्या मोडल्या. दुखलं, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. पुढे जाळी काढली, तेव्हा तांबडीला कोणी हिंग लावून विचारलं नाही. ती पोटभर जेवली.

मग काळीला सोडलं. आता परकी ती! साऱ्याजणी ताट सोडून तिच्यावर धावल्या आणि पहिली चोच मारली ती एकडोळ्या तांबडीनं. काळीच्या डोक्यातून रक्त उडालं.

"अगं बये, तूसुद्धा?" लेक ओरडली.

काकूंनी ताट उचललं आणि दाणे परसभर उधळले. तेव्हा कुठे चोची जमिनीकडे वळल्या.

मित्रांनो, कोंडायचंच तर मारणाऱ्याला कोंडा, पण दाणे एकाच ताटात ठेवू नका. मार खाल्लेली चोचसुद्धा मारायला शिकते, हे मी माझ्या फटींतून पाहिलं आहे.